किती ओठ बिघडवले?

माझा पहिला दवाखाना एका बँडच्या डोक्यावर होता. चंद्रपूरच्या एका गल्लीत खाली मास्टरांचं बँडचं दुकान, आणि बाजूच्या अंधाऱ्या जिन्यानं वर चढलं की माझी दातांची खुर्ची. खाली मोठा ढोल वाजला की वर माझ्या ट्रेमधली हत्यारं नाचायची, आणि पेशंटला वाटायचं डॉक्टरचाच हात थरथरतोय. दुसरं कोणी ती जागा घेत नव्हतं म्हणून ती मला मिळाली, आणि मला दुसरी मिळत नव्हती म्हणून मी घेतली. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी मूल तालुक्यातला, धान पिकवणाऱ्या घरातला. नागपूरहून दातांची डिग्री घेऊन नुकताच आलो होतो, आणि जगात सरळ करता येणार नाही असा दातच नाही, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती.

जागा पाहायला गेलो तेव्हा मास्टर पायरीवर बसून ट्रंपेट पुसत होते. पन्नाशीचा माणूस, दाढी मेंदीनं लाल केलेली, वरच्या ओठावर मात्र मिशीचा केसही नाही. वरचा पुढचा एक दात असा वाकडा की ओठ मिटले तरी त्याचं टोक बाहेर डोकवायचं. माझी नजर आधी त्या दातावरच गेली. मास्टरांनी माझी डिग्री विचारली नाही, गाव विचारलं नाही. ट्रंपेट मांडीवर ठेवलं आणि म्हणाले,

"डाक्टर, आतापावतर किती ओठ बिघडवले तुम्ही?"

"एकही नाही!" मी छाती काढून म्हणालो.

"मंग तुम्ही अजून शिकलेच नाई." त्यांनी खिशातून चावी काढली. "घ्या. लोकायचे दात पाहा खुशाल. माह्या पोरायच्या ओठाले हात लावायचा नाई."

आपल्याला वाटतं ट्रंपेट फुंकून वाजतं. मलाही वाटायचं. पण ते वाजतं ओठांनी. तोंडाकडची ती लहानशी पितळी वाटी असते ना, माउथपीस, ती ओठांवर दाबून धरायची आणि आतल्या आत ओठ थरथरवायचे. आता आमच्या चंद्रपूरचा मे महिना आठवा. वरात भर चौकात अडलेली, पितळ तापलेलं, घामानं गणवेश पाठीला चिकटलेला, आणि नवरदेवाचे दोस्त म्हणताहेत, "मास्टर, तेच गाणं अजून एकदा!" अशा दोन महिन्यांत माणसाचे ओठ फुटतात, सुजतात, आतून चिरतात. आणि बँडमध्ये ज्याचा ओठ गेला त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी दिव्याची हंडी येते. डोक्यावर दिवा घेऊन चालायचं, बस्स.

ओठाला औषध सांगणारे मात्र पायलीचे पन्नास. न्हावी तुरटी सांगायचा. बल्लारपूरचा एक हकीम काळं मलम द्यायचा, ते लावलं की ओठ दुखायचा थांबायचा आणि जीभ सुरू व्हायची. नागपूरचा एक मोठा चामडीचा डॉक्टर म्हणाला, सहा महिने वाजवू नका. मास्टर म्हणाले, "तुम्ही सहा महिने पेशंट पाहू नका, मंग मी बाजा खाली ठेवतो." ह्या प्रत्येकाला मास्टरांनी आपला तो एकच प्रश्न विचारला होता, आणि प्रत्येकानं माझ्यासारखीच छाती काढून "एकही नाही" म्हटलं होतं. ते ऐकलं की मास्टर सलाम करून उठायचे.

"पहा डाक्टर," ते मला सांगत, "ज्याच्या हातून एकबी बिघडलं नाई, तो एक तं खोटं बोलते, नाई तं त्यानं कामच सुरू नाई केलं. दोघायपासून दूर राहा."

ह्या परीक्षेत पास झालेला माणूस अख्ख्या दोन जिल्ह्यांत एकच निघाला. एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडच्या लग्नात बँड भामरागडला गेला होता. तिथं मास्टरांच्या भाच्याचा, सलीमचा ओठ फाटला. गावात झाडपाला देणारा एक म्हातारा माडिया आदिवासी होता. शाळेचे गुरुजी दुभाषे झाले. मास्टरांनी प्रश्न टाकला. म्हातारा विचारात पडला. मग बोटं मोजायला लागला. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, तेव्हा गुरुजी संकोचून म्हणाले, "गंज, पुष्कळ बिघडवले म्हणते जी." मास्टर तिथंच त्याच्यापुढं मांडी घालून बसले.

"मोजून राह्यला होता डाक्टर तो, मोजून!" हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. म्हाताऱ्यानं कसल्याशा सालीचा काढा चूळ भरायला दिला, मोहाच्या बियांचं तेल लावायला दिलं आणि सलीमला आठ दिवस बोलायची बंदी केली. सलीमचा ओठ बरा झाला. बंदीमुळे झाला असावा असं माझं मत होतं, पण मला कोण विचारतो? तेव्हापासून ज्याचा ओठ फाटेल त्याला मास्टर स्वतः भामरागडच्या बसमध्ये बसवून द्यायचे. पावसाळ्यात मात्र नद्या चढत आणि रस्ता बंद होई. आमचं नशीबच तसलं. भरवशाचा माणूस सापडला, तो नेमका पुराच्या पलीकडे.

मास्टर स्वतःचा ओठ तर तान्ह्या पोरासारखा जपायचे. लग्नसराईत तिखट बंद. आता विदर्भात राहून तिखट बंद म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. चहा थंड करून, तोही चमच्यानं. दुकानात शिटी वाजवायला बंदी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हसायला बंदी. हसलं की ओठ ताणतो, ताणला की फुटतो. त्यामुळे मार्चपासून जूनपर्यंत कोणी कितीही विनोद केला तरी मास्टर मख्ख चेहऱ्यानं मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "राखून ठेवला." तुम्हाला वाटेल ही थट्टा असेल. पण जुलैत पाऊस लागला, लग्नं संपली, की ते खरोखर जिना चढून वर यायचे. "डाक्टर, ते एप्रिलात तुम्ही कवळीवाल्या पाटलाचं सांगतलं होतं न, ते सांगा आता." मी पुन्हा सांगायचो, आणि मग हा माणूस पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचा. खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट काही न कळता सोबत हसायचा.

हे सगळं कशासाठी, तर एका सुरासाठी. गणपतीच्या विसर्जनाला मिरवणूक मोठ्या चौकात आली की मास्टर पुढं व्हायचे आणि ट्रंपेटवर एक उंच सूर लावायचे. लावायचे आणि धरून ठेवायचे. नाचणारी पोरं हात वर करून जागच्या जागी थांबायची. सूर सुटेपर्यंत कोणी हात खाली घ्यायचा नाही. मी दोनदा तो ऐकला, आणि दोन्ही वेळा माझाच श्वास आधी संपला.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टात मास्टरांनी भाजलेला चिंचोका चावला आणि त्या वाकड्या दाताचं टोक तुटलं. तुटल्या जागी धार आली. माउथपीस दाबलं की ती धार ओठाला आतून कापायची. गणपती पंधरा दिवसांवर, आणि भामरागडचा रस्ता पाण्याखाली. चार दिवस त्यांनी वाट पाहिली. बस सुरू होत नाही म्हटल्यावर जिना चढून आले, दारात उभे राहिले. त्यांनी प्रश्न विचारला नाही. उत्तर त्यांना माहीत होतं.

"डाक्टर, टोचते तेवढंच घासून द्या," खुर्चीत बसत ते म्हणाले. "तेवढंच. ज्यादा काई नाई."

मी टोचत होतं तेवढं घासलं. दोन मिनिटांचं काम. तिथं थांबायला हवं होतं. पण यंत्र हातात होतं, दात समोर होता, आणि तीन वर्षांपासून तो वाकडा दात मला रोज खालून चिडवत होता. म्हटलं हात फिरलाच आहे तर जरा कड उतरवू. जरा इकडून, जरा तिकडून. शेवटी आरसा दिला तेव्हा तो दात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बरोबरीनं शहाण्यासारखा उभा होता. माझ्या कॉलेजच्या सरांनी पाठ थोपटली असती. मास्टरांनी दातावरून एकदा जीभ फिरवली, आरसा परत दिला आणि खाली गेले.

आठव्या दिवशी ओठ बरा झाला. चिरेची खूणही राहिली नाही. नवव्या दिवशी खालून ट्रंपेटचा आवाज आला. सूर चढला, चढला, आणि फुटला. पुन्हा चढला, पुन्हा फुटला. मी पेशंटच्या दाढेत होतो. म्हटलं, बरेच दिवस वाजवलं नाही, होतं असं. सूर पुन्हा फुटला. दुपारपर्यंत तेच चाललं, आणि मग खाली एकदम शांत झालं.

मी काय केलं असेल? पुस्तकं काढली. तीन दिवस शोधलं. पुस्तकात दात होते, ओठ होते, ट्रंपेट नव्हतं. पण तोवर माझं मलाच कळलं होतं. तीस वर्षं तो ओठ त्या वाकड्या दातावर टेकून वाजत होता. जखम ओठाला होती आणि मी त्याचा टेकूच काढून घेतला होता.

खाली उतरलो. मास्टर, सलीम, बँडची सगळी माणसं बसली होती. मी उभ्या उभ्या म्हणालो, "मास्टर, चूक माझी आहे. तुम्ही टोचते तेवढंच म्हणाले होते. मी जास्त घासला. तुमचा सूर माझ्यामुळं गेला."

"आता सांगून राह्यला काय बे!" सलीम अंगावर आला. "मामू, याची खुर्चीच फेका बाहेर!"

"चूप रे," मास्टर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता ट्रंपेट पुसत म्हणाले, "जखम तं बरी झाली न डाक्टर. काम साफ केलं तुम्ही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, दात पुन्हा चढवून देतो, मसाला भरून होता तसा करतो. त्यांनी एका हातानं तोंड झाकलं. "नाई. आता हात नाई लावायचा."

विसर्जनाला सलीमनं ट्रंपेट वाजवलं. मास्टर पुढं झांजा घेऊन चालत होते. चौकात सलीमनं तो सूर लावला, निम्मा धरला आणि सोडला. पोरांनी हात वर केले, खाली घेतले, पुन्हा नाचायला लागली. कोणाला काही कमी वाटलं नाही. गर्दीत मी एकटाच वेड्यासारखा हात वर करून उभा होतो.

मला वाटलं आता दवाखाना खाली करायला सांगतील. सांगितलं नाही. पुढच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, मी सवयीनं कसलासा विनोद केला. मास्टर मांडीवर थाप मारतील म्हणून थांबलो, तर ते खळखळून हसले. भर मे महिन्यात! दात दाखवून, ओठ पार कानापर्यंत ताणून. आता राखून ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. मी हातातला चहा तसाच ठेवून जिना चढलो, दार लावलं आणि लहान पोरासारखा रडलो.

त्याच सुमारास बँडवाले माझ्याकडे यायला लागले. पहिला सिंदेवाहीचा. दारात उभा, काखेत ट्रंपेट, ओठ सुजलेला. बाकावर चार पेशंट बसलेले. त्यांच्या देखत त्यानं विचारलं,

"डाक्टरसाहेब, आतापावतर किती ओठ बिघडवले तुम्ही?"

"एक," मी म्हणालो. तो आत येऊन बसला. मग राजुऱ्याचा आला, वरोऱ्याचा, ब्रह्मपुरीचा, गडचिरोलीचा. दारात उभं राहायचं, तोच प्रश्न, लोकांच्या देखत. आणि माझं तेच उत्तर. मास्टरांनी शिकवून पाठवलं आहे हे कळायला डिग्री लागत नव्हती. मी समजून गेलो, ही शिक्षा आहे. खुर्ची बाहेर नाही फेकली, चारचौघांत रोज कबूल करायला लावलं. म्हटलं, रास्त आहे, भोगा आता.

आणि भोगता भोगता शिकलो. आलेल्याला आधी म्हणायचो, वाजवून दाखव. खुर्चीत बसून वाजव. दाताला हात लावण्याआधी त्याचा साचा घ्यायचा, निम्मं काम करायचं, पुन्हा वाजवायला लावायचं. माझ्या दवाखान्यातून वरातीचे सूर यायला लागले. बाहेरचे लोक विचारत, वर पण बँड काढला काय जी? बऱ्याचदा औषध एवढंच असायचं की चार दिवस बाजाला हात लावू नको, आणि माउथपीस असं जीव घेतल्यासारखं दाबू नको. जे मला कळायचं नाही ते कळत नाही म्हणून सांगायचो, कोणाला नागपूरला धाडायचो. दोघांना तर मीच भामरागडच्या बसमध्ये बसवून दिलं.

एकदा भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतल्या एका साहेबांच्या बाई आल्या होत्या. अशी पेशंट माझ्याकडे पहिल्यांदाच. घरच्या सगळ्यांचे दात दाखवायचे आहेत म्हणाल्या. मी हवेत. तेवढ्यात दारात एटापल्लीचा ट्रंपेटवाला उभा. पायात धूळ, रात्रभरच्या प्रवासानं डोळे लाल, खालचा ओठ मधोमध चिरलेला. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, थांब रे बाबा, जरा थांब. त्यानं घसा साफ केला.

"डाक्टरसाहेब, किती ओठ बिघडवले तुम्ही?"

"एकही नाही" अगदी जिभेच्या टोकावर आलं. खरं सांगतो, तुमच्याकडं काय लपवायचं? शब्द तोंडात तयार होता. पण चौकातले ते वर केलेले हात आठवले.

"एक," मी म्हणालो.

बाईंनी पर्स उचलली. "मी नंतर येईन हं," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. त्या काही पुन्हा आल्या नाहीत. एटापल्लीवाला खुर्चीत बसला आणि हुश्श केलं.

"बरं झालं जी, एक म्हणले तुम्ही," तो म्हणाला. "मास्टरनं सांगतलं होतं, एकबी नाई म्हणलं तं बाजा उचल अन् तसाच खाली ये. मंग मी त्याच्याकडं कोणाले धाडत नाई, म्हणे."

त्याला तसाच बसवून मी खाली धावलो. मास्टर ढोलाच्या दोऱ्या आवळत होते.

"मास्टर, मला वाटलं तुम्ही मला शिक्षा देऊन राह्यले!"

"शिक्षा कायची?" त्यांनी मान वर केली नाही. "भामरागडचा म्हातारा थकला आता. पुराच्या अल्याड एक तरी माणूस पाहिजे न."

"मग तुम्ही स्वतः काऊन नाही येत?"

त्यांनी एका हातानं तोंड झाकलं आणि दुसऱ्यानं दोरी आवळत राहिले. "ते अलग हाय," ते म्हणाले.

तशी सात वर्षं गेली. सलीमनं बँड हाती घेतला. मास्टर झांजा वाजवायचेही थांबले. दोन जिल्ह्यांतले ओठ माझ्याकडे येत राहिले, पण त्या एका तोंडात मला डोकावायला मिळालं नाही. जिन्यात भेटलो तर सलाम, ईदला शिरखुर्मा. बस्स.

मग एका सकाळी जिन्यावर सावकाश पावलं वाजली. दारात मास्टर. दाढी आता मेंदीनंही लाल होत नव्हती. अंगावर शाल, शालीखाली काहीतरी धरलेलं. बाकावर दोन पेशंट होते. मास्टर उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"डाक्टर, आतापावतर किती ओठ बिघडवले तुम्ही?"

"एक."

"कोणाचा?"

इतक्या वर्षांत हा दुसरा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"तुमचा, मास्टर."

त्यांनी मान हलवली, आत आले, खुर्चीत बसले आणि बोट वरच्या ओठाला लावून दाखवलं. मी दिवा ओढला. तोच दात. त्याचा पुन्हा टवका उडाला होता, आणि ओठाला आतून ताजी चीर होती. पण नुसता दात ओठाला असा कापत नाही. त्यावर रोज कोणी पितळ दाबलं तरच कापतो.

"मास्टर, तुम्ही वाजवता?"

"सकाळी. इरई नदीच्या काठावर. तिथं कोणी आयकत नाई." त्यांनी शाल बाजूला केली. ट्रंपेट होतं, झिजून पिवळं पांढरं झालेलं.

खाली ढोल बंद होता, तरी माझ्या ट्रेमधली हत्यारं वाजत होती. मी हात पाठीमागं घेतले.

"आधी वाजवून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी वाजवलं. तो जुना सूर नव्हता. बराच खालचा होता, थोडा खरखरीत. पण धरला आणि फुटला नाही. बाकावरचे दोघं उठून दाराशी आले. सूर सुटला तेव्हा मास्टरांनी ट्रंपेट माझ्या ट्रेवर ठेवलं आणि मान मागं टेकवली.

"टोचते तेवढंच," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.